पार्श्वभूमी : दोन नद्यांच्या बेचक्यातले केरो रिकामे कसे झाले?

२०१० ते २०२० या दशकात अमेरिकेत टक्केवारीने सर्वांत जास्त माणसे गमावली ती इलिनॉय राज्यातल्या अलेक्झांडर काउंटीने. ८,२३८ ची लोकसंख्या ५,२४० वर आली. काउंटीचे कोर्टकचेरीचे ठिकाण म्हणजे केरो. तिथे २०२० साली १,७३३ लोक उरले होते. शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या जनगणनेत, याच गावात १५,२०३ माणसे होती.

इंग्रजी स्पेलिंग इजिप्तच्या कैरोचेच, उच्चार मात्र स्थानिक. दक्षिण इलिनॉयला ‘लिटल इजिप्त’ म्हणतात.

केरो म्हटले की पुरानेच गाव रिकामे केले असा विषय निघतोच, आणि नकाशा पाहिला तर ते साहजिकही आहे. पश्चिमेला मिसिसिपी, पूर्वेला ओहायो आणि दक्षिणेला दोघींचा संगम. इलिनॉयमधली सर्वांत सखल जमीन हीच. संगमापाशी ओहायोत मिसिसिपीपेक्षा जास्त पाणी असते, त्यामुळे नेमकी कोण कोणाला मिळते असा प्रश्न पडावा. गावाभोवती मातीचे बांध आणि पूरभिंती आहेत. उत्तरेकडून येणारा रस्ता रेल्वेखालून जातो, तिथे अवाढव्य लोखंडी दार बसवले आहे. पाणी चढले की ते खाली सोडायचे, म्हणजे गाव चारही बाजूंनी बंद.

अशा जागी शहर वसवायचे कोणाला सुचले? व्यापाऱ्यांना. ज्या काळी माल नदीने जात होता, त्या काळी दोन महानद्यांचा संगम म्हणजे सोन्याची खाणच. १८१८ मधला पहिला प्रयत्न कागदावरच राहिला. १८३७ मध्ये डॅरियस होलब्रुक यांच्या कंपनीने लंडनमध्ये रोखे विकून काम सुरू केले, पण १८४० मध्ये रोखे विकणारी तिथली पेढी बुडाली आणि कामगार पांगले. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स इथून गेले आणि त्यांनी या दलदलीची जी काही शोभा केली, ती केरोला कायमची चिकटली. १८५० मध्ये इथे होते फक्त २४२ लोक.

नशीब फिरवले ते रेल्वेने. शिकागोकडून येणारी इलिनॉय सेंट्रल १८५० च्या दशकात केरोपर्यंत पोचली; १८६० मध्ये काउंटीचे ठिकाण थीब्सहून इथे हलले. पाठोपाठ यादवी युद्ध आले. १८६१ मध्ये उत्तरेच्या सैन्याचे जनरल ग्रँट यांनी संगमावरच तळ ठोकला. गुलामीतून सुटलेले हजारो कृष्णवर्णीय दक्षिणेतून इथे आले आणि त्यांतले बरेच इथेच राहिले. १८७० मध्ये लोकसंख्या ६,२६७ वर गेली, १९०० मध्ये १२,५६६ वर.

भरभराटीच्या याच काळात ओहटीची कारणेही तयार होत होती. ओहायोवर रेल्वेचे डबे नावेवर चढवून पलीकडे न्यावे लागत, आणि त्या खोळंब्यावर गावाचे पोट होते. १८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेपूल झाला. १९०५ मध्ये वर थीब्सला मिसिसिपीवर दुसरा झाला. पुढे मोटारींचे पूल आले आणि १९७८ मध्ये आंतरराज्य महामार्ग ५७ गावाला वळसा घालून मिसुरीत उतरला. प्रवाशाला केरोत थांबण्याचे कारणच राहिले नाही.

आता पुराची गोष्ट आकड्यांवर घासून पाहू. १९३७ चा ओहायोचा महापूर केरोच्या बांधाच्या काठापर्यंत आला, पण गाव वाचले. १९३० मध्ये लोकसंख्या १३,५३२ होती. पुरानंतर, १९४० मध्ये, ती १४,४०७ झाली. म्हणजे वाढली! खरी गळती १९५० नंतरची आहे : १९५० मध्ये १२,१२३, १९६० मध्ये ९,३४८, मग १९७० मध्ये ६,२७७. त्या वीस वर्षांत गाव निम्म्यावर आले, आणि हे पाण्याने केलेले नाही.

केरो उत्तरेच्या राज्यात असले तरी अक्षांशाने व्हर्जिनियाच्या रिचमंडच्याही दक्षिणेला आहे आणि तिथली वर्णव्यवस्थाही दक्षिणेचीच होती. १९०९ मध्ये हजारोंच्या जमावाने विल्यम जेम्स या कृष्णवर्णीयाला भर रस्त्यात ठार केले. १९६० च्या दशकात पोहण्याचा तलाव सर्वांना खुला करण्याऐवजी बंद करण्यात आला. जुलै १९६७ मध्ये रॉबर्ट हंट हा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय सैनिक पोलीस कोठडीत मृतावस्थेत सापडला. आत्महत्या, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. लोकांचा विश्वास बसला नाही आणि दंगल उसळली. १९६९ पासून ‘युनायटेड फ्रंट’ या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. मागणी साधी होती, कृष्णवर्णीयांना नोकऱ्या द्या. अनेक दुकानदारांनी नोकरी देण्यापेक्षा दुकान बंद करणे पत्करले. पुलांनी केरोचा धंदा हलका केला हे खरे, पण उरलेला गावाने स्वतःच्या हाताने मोडला, असे माझे मत आहे.

त्यानंतर एकेक गोष्ट गळत गेली. १९८६ मध्ये रुग्णालय बंद पडले. २०१७ मध्ये केंद्रीय गृहनिर्माण खात्याने एल्मवुड आणि मॅकब्राइड या मोडकळीला आलेल्या सरकारी वसाहती पाडण्याचे जाहीर केले. सुमारे चारशे रहिवाशांना घरे सोडावी लागणार होती, आणि गावात दुसरी भाड्याची घरे जवळजवळ नव्हतीच. २०२० च्या आकड्यामागे हा निर्णयही आहे. किराणा मालाचे मोठे दुकानही गेले होते. २०२३ मध्ये सहकारी तत्त्वावर नवे उघडले.

मे २०११ मध्ये ओहायोने १९३७ चाही विक्रम मोडला, तेव्हा केरो वाचवण्यासाठी लष्कराच्या अभियंत्यांनी पलीकडच्या मिसुरीतला बर्ड्‌स पॉइंटचा बांध स्फोटकांनी उडवला आणि सुमारे १ लाख ३० हजार एकर शेतजमिनीवर पाणी सोडले. मिसुरी राज्य त्याआधी न्यायालयात हरले होते. शेती बुडावी की केरो, असे विचारल्यावर त्या राज्याच्या विधानसभेच्या अध्यक्षांनी केरोचे नाव घेतले; नंतर माफी मागितली.