गेटची तयारी: जुने पेपर आणि टेस्ट सिरीज

गोव्यात फर्मागुडीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात एम.टेक.चा आणि त्याच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा विचार सुरू झाला की मुलं सांगतात, "पेपर सोडवायला घेतलेत." कुठले, असं विचारलं तर कुणी गेल्या वर्षांचे गेटचे खरे पेपर काढतो, कुणी एखाद्या क्लासची टेस्ट सिरीज, म्हणजे सराव परीक्षांची मालिका. दोन्हीकडे 65 प्रश्न, 100 गुण, तीन तास. त्यामुळे एक केलं की दुसरं झालंच, असा समज होतो. तो खरा नाही.

खरे पेपर आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी काढतात. ते उत्तरसूचीसह फुकट मिळतात. परीक्षक दोन धडे एकाच प्रश्नात कसे गुंफतो, हे तिथंच दिसतं. क्लासचे प्रश्न पुष्कळदा नुसत्या लांबलचक आकडेमोडीने अवघड झालेले असतात.

जुने प्रश्न धड्यांनुसार लावलेलं पुस्तक जपून वापरा. वर 'थर्मोडायनॅमिक्स' असं छापलेलं असलं की कुठलं सूत्र लावायचं ते आधीच कळतं. परीक्षेत प्रश्नावर धड्याचं नाव नसतं. अभ्यास चालू असताना हे पुस्तक चांगलंच, पण अलीकडच्या तीन-चार वर्षांचे पेपर कोरे राखून ठेवा. एकाहून जास्त पर्याय बरोबर असणारे प्रश्न 2021 पासून आले. त्यांत अर्धवट उत्तराला गुण नाही. त्याआधीच्या पेपरांवर हा सराव होणार नाही.

टेस्ट सिरीज घड्याळासाठी. परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, स्क्रीनवरचा माउसने चालवावा लागतो, आणि तिथं वेळ जातो. एकच पर्याय बरोबर असणारा एका गुणाचा प्रश्न चुकला तर एक तृतीयांश गुण कापतात, म्हणून कुठला सोडायचा हेही ठरवता आलं पाहिजे. तिथल्या रँकने मात्र झोप उडवून घेऊ नका. ती फक्त ती सिरीज घेणाऱ्यांमधली असते.

पैसे बेताचे असतील तर आधी जुने पेपरच. परीक्षा फेब्रुवारीत, तेव्हा सिरीज नोव्हेंबरच्या सुमारास घेतली तरी चालते. पेडण्याहून किंवा काणकोणहून रोज कदंबा बसने ये-जा करणाऱ्याला सलग तीन तास मिळतात ते रविवारीच; ते सिरीजला द्या. तिथं जो धडा कच्चा निघेल, त्याचे जुने प्रश्न पुढच्या आठवड्यात पुन्हा काढा.