गच्चीवरच्या टाकीसाठी रास्पबेरी पाय की पिको?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत ‘रास्पबेरी पाय द्या’ म्हणून गेलेला विद्यार्थी कधी कधी पिको घेऊन घरी येतो आणि विचारतो, ‘याला मॉनिटर कुठे जोडायचा?’ पिकोला तशी जागाच नसते. यात त्याला दोष देता येणार नाही. दोन्ही बोर्ड एकाच घरातले, नाव तेच, पिना दोन्हींना ४०, आणि पायथन ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा दोन्हींवर चालते. पण २०१२ साली आलेला पाय हा छोटा का होईना, संपूर्ण संगणक आहे, तर २०२१ साली आलेला पिको मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे एका वेळी एकच प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या चिपचा बोर्ड.

एवढ्या व्याख्येने फारसं कळत नाही, म्हणून घरोघरी उपयोगी पडेल असं एक काम घेऊ: गच्चीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी मोजायची. टाकीच्या झाकणाला आतून अल्ट्रासोनिक सेन्सर लावायचा. तो कानाला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो आणि पाण्यावर आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकतो. जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दर एका सेंटिमीटरला जाऊन-येऊन सुमारे ५८ मायक्रोसेकंद.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण दोघांमधला खरा फरक इथेच कळतो. पायवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते. तुमचा प्रोग्राम तिथे अनेकांपैकी एक असतो. वायफाय, मेमरी कार्डावर लिहिणं, स्क्रीन अशा कामांमधून वेळ वाटून देताना लिनक्स तुमचा प्रोग्राम क्षणभर थांबवतं. ब्राउझर वापरणाऱ्याला एक मिलिसेकंद जाणवत नाही. टाकी मोजताना मात्र घड्याळ एक मिलिसेकंद उशिरा पाहिलं तर उत्तर १७ सेंटिमीटरने चुकतं. पाणी हललेलंही नसतं आणि आकडे नाचतात. अशा वेळी मुलं सेन्सर बिघडला म्हणून नवा आणायला निघतात, तेव्हा वाईट वाटतं. पायवर याला तोडगे आहेत, पण शिकायला सुरुवात करणाऱ्याने पहिल्याच दिवशी त्यात शिरू नये.

पिकोवर ऑपरेटिंग सिस्टिम नसते. १३३ मेगाहर्ट्झची चिप आणि जेमतेम २६४ किलोबाइट रॅम. पाय ४ च्या ८ गिगाबाइटपुढे हे काहीच नाही, पण जे आहे ते सगळं तुमच्याच प्रोग्रामसाठी. मायक्रोपायथनमध्ये, म्हणजे पिकोवरच्या छोट्या पायथनमध्ये, पल्स (सेन्सरकडून येणारा विजेचा ठोका) किती वेळ टिकली ते मायक्रोसेकंदात सांगणारं तयार फंक्शन आहे. तोच सेन्सर, तीच टाकी, आणि आकडे स्थिर.

वीज जाण्याचंही तसंच. पाय रीतसर बंद करावा लागतो. मेमरी कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते आणि कधी बोर्ड पुन्हा सुरूच होत नाही. जिथे भारनियमन आहे तिथे गच्चीवर पाय ठेवणं मला पटत नाही. पिकोमध्ये main.py या नावाने प्रोग्राम ठेवला की वीज आल्याबरोबर तो आपोआप कामाला लागतो. (हे नाव रोमन लिपीतच टाइप करावं लागेल: एम-ए-आय-एन, टिंब, पी-वाय.)

जमिनीतला ओलावा मोजायचा झाला तरी पिकोच सोपा. त्याला अॅनालॉग, म्हणजे हळूहळू कमी-जास्त होणारं व्होल्टेज वाचणाऱ्या तीन पिना आहेत, पायला एकही नाही. तिथे वेगळी चिप मध्ये जोडावी लागते.

मग पाय कशासाठी? कॅमेऱ्यातून अंगणातला पक्षी ओळखायचा असेल, वर्षभराच्या नोंदी साठवून त्यांचा आलेख दाखवायचा असेल, तर पिकोची स्मृती लगेच संपते. तिथे पायच हवा. टाकीचं काम वाढलं की दोघं एकत्रही नांदतात: वर पिको मोजतो, खाली घरात पाय नोंदी ठेवतो. आकडे तारेशिवाय पाठवायचे असतील तर वायफायवाला पिको डब्ल्यू घ्या. मात्र त्याच्यावरचा एलईडी साध्या पिकोसारखा २५ क्रमांकावर नाही, तो वायफायच्या चिपला जोडलेला आहे. साध्या पिकोसाठी लिहिलेला धडा जसाच्या तसा उतरवला तर दिवा लागत नाही.

दोन बाबतींत मात्र दोघे सारखेच, आणि नवखा माणूस दोन्हीकडे फसतो. बोर्डावरचा पिनेचा क्रमांक आणि प्रोग्राममध्ये लिहायचा जीपीआयओचा (पिकोवर ‘जीपी’) क्रमांक वेगळा असतो: पिकोवर जीपी १५ म्हणजे विसावी पिन, पायवर जीपीआयओ १७ म्हणजे अकरावी. दुसरं, दोघांच्याही पिना ३.३ व्होल्टच्या. नेहमी मिळणारा अल्ट्रासोनिक सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि त्याच्या ‘एको’ पिनेवर ५ व्होल्टच येतात. सेन्सरच्या एकोपासून बोर्डाच्या पिनेपर्यंत १ किलोओहम आणि त्या पिनेपासून ग्राउंडला २ किलोओहम असे दोन रेझिस्टर लावा, म्हणजे पिनेवर सुमारे ३.३ व्होल्टच येतील. काही रुपयांच्या रेझिस्टरसाठी बोर्ड गमावू नका.

आणि थेट गच्चीवर चढू नका. आधी बादली घ्या, सेन्सर काठावर आडव्या पट्टीला बांधा, आत फूटपट्टी उभी करा. तांब्या-तांब्याने पाणी ओतत प्रत्येक वेळी पट्टीवरचा आकडा आणि बोर्डाचा आकडा वहीत शेजारी शेजारी लिहा. घरात दोन्ही बोर्ड असतील तर हीच बादली आधी पायला जोडा, मग पिकोला.