ओघळलेला रंग न पुसण्यामागचा इतिहास

मागच्या महिन्यात कोथरूडच्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी आम्ही दहा-बाराजण भिंतीला लावलेल्या कागदांसमोर उभे होतो. माझ्या शेजारच्या काकूंच्या कागदावर निळा रंग ओघळायला लागला, पार खालपर्यंत, आणि त्यांनी पटकन कमरेचा रुमाल काढला. पण पुसलं नाही, हात तसाच थांबला, मग त्यांनी ब्रश पिवळ्यात बुडवला आणि त्या ओघळाच्याच बाजूने एक रेघ ओढली. इंट्यूटिव्ह पेंटिंग म्हणजे एवढंच, आधी काही ठरवायचं नाही आणि जे उमटेल ते दुरुस्त करायचं नाही.

हे हल्लीचं शहरी फॅड आहे, ताणतणाव घालवायला काढलेलं, असं बरेचजण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण मागे जाऊन बघितलं तर हे सगळं दोन महायुद्धांतून आलेलं आहे.

पहिल्या महायुद्धात आंद्रे ब्रेताँ हा डॉक्टरकी शिकणारा पोरगा मनोरुग्णांच्या वॉर्डात ड्यूटीला होता, ते रुग्ण जे तुटक तुटक बोलायचे ते त्याच्या डोक्यातून गेलंच नाही. 1924 मध्ये त्याने सररिअलिझम या कलाचळवळीचा जाहीरनामा काढला, त्याचा गाभा हाच की बुद्धीचा पहारा उठवा आणि आतून येईल ते येऊ द्या. त्याच गटातला चित्रकार आंद्रे मासाँ 1917 मध्ये आघाडीवर जबर जखमी झालेला, तो कागदावर हात नुसता फिरू द्यायचा, पुढे तर कॅनव्हासवर गोंद सांडायचा, वर वाळू टाकायची, झटकायची, आणि जी चिकटून राहिली तिच्यातून चित्र पुढे न्यायचं असं करायला लागला.

पण ते होते कलावंत, त्यांना चित्र लोकांना दाखवायचं होतं. खरी सुटका केली आर्नो स्टर्न यांनी, आणि या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हाच माणूस. जर्मनीतलं ज्यू कुटुंब, 1933 मध्ये देश सोडून फ्रान्सला पळालेलं. 1946 मध्ये त्यांना पॅरिसजवळ युद्धात अनाथ झालेल्या मुलांच्या वसतिगृहात काम मिळालं, मुलांना गुंतवून ठेवायचं एवढंच, वय बावीस. त्यांनी मुलांना रंग दिले. मुलं इतकी यायला लागली की जागा पुरेना म्हणून खिडक्यासुद्धा फळ्यांनी बंद करून तिथे कागद लावले! पुढे पॅरिसमध्ये त्यांनी तशीच खोली केली, चारही भिंतींवर कागद, मध्ये लांब टेबल, त्यावर अठरा रंग. चित्राबद्दल कोणी काही बोलायचं नाही, छान नाही, वाईट नाही, हे काय काढलंस असंही नाही, चित्र घरी न्यायचं नाही, प्रदर्शनात लावायचं नाही. कागद अपुरा पडला तर शेजारी दुसरा जोडून मिळायचा. 2024 मध्ये शंभरी गाठून ते गेले तोपर्यंत हेच करत होते. ज्या मुलांचं सगळं गेलं होतं त्यांना त्यांनी निदान कोणाच्या तरी पसंतीला उतरायच्या ओझ्यातून मोकळं केलं, हे मला फार मोठं वाटतं.

मोठ्या माणसांसाठी ही पद्धत गाजली ती अमेरिकेत, मूळच्या फ्रेंच मिशेल कासू यांच्यामुळे, सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये. साधारण त्याच दशकात आपल्या पुण्याच्या कोरेगाव पार्कातल्या ओशो आश्रमात जपानी चित्रकार मीरा हाशिमोतो आल्या आणि त्यांनी वर्षानुवर्षं ध्यान आणि रंग एकत्र आणणारी शिबिरं घेतली, त्यामुळे पुण्याला हे अगदीच नवीन नाही.

आणि भारतात तर त्याच्याही आधी रवींद्रनाथ होते. हस्तलिखितात खोडलेले शब्द ते रेघांनी जोडत जायचे, त्यातून पक्षी निघायचा, एखादा चेहरा निघायचा, चुकीतूनच चित्र. 1930 मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं तेव्हा ते जवळजवळ सत्तरीचे होते.

मग आपला हात का आखडतो? मला वाटतं शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांमुळे. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, तांब्याची दोन्ही अंगं सारखी आली पाहिजेत, रंग रेघेबाहेर गेला की ग्रेड गेली. 1857 मध्ये मुंबईत जे.जे. हे कला महाविद्यालय सुरू झालं तेव्हापासूनची ही शिस्त, तिला मी वाईट म्हणणार नाही, वासुदेव गायतोंडे त्याच जे.जे.चे, 1948 चा डिप्लोमा. पण पुढे त्यांनी आकृतीच सोडली, रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचे आणि खरवडायचे, वर्षाला मोजकी चित्रं, बाकी वेळ बघत बसणं. म्हणजे शिकलेलं सोडून देता येतं, फक्त सोडायला वेळ लागतो, आणि ज्याला बाविसाव्या वर्षी कोणी ‘तुला चित्रकला येत नाही’ सांगितलंय त्याला तर खूपच लागतो.

आमच्या हॉलमध्ये अजून एक पद्धत आहे, स्टर्न यांच्याकडूनच आलेली, बघायला येणाऱ्यांना आत घेत नाहीत आणि मोबाईल बाहेर ठेवायचे. काकूंचा कागद त्या दिवशी संपला, निळं पिवळं कडेपर्यंत गेलं होतं. त्यांनी मागे वळून विचारलं, ‘‘अजून एक मिळेल का?’’ चिकटपट्टी लावून दुसरा कागद खाली जोडून दिला, त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि ओघळ जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाल्या.