एमबीबीएसचा प्रवेश : मार्क पडले, कागद कुठे आहेत?

नीटला चांगले मार्क पडूनही सातारा-सांगलीतली काही मुलं दरवर्षी एमबीबीएसच्या जागेला मुकतात आणि त्यात कागदांमुळे मुकणारी कमी नसतात. मार्क कमी पडले तर मनाची समजूत तरी घालता येते. पण पणजोबांच्या शाळेचा उतारा वेळेत मिळाला नाही म्हणून खटावच्या पोराची जागा गेली, तर घरात कोणी कोणाला बोलायचं? म्हणून फॉर्म भरायच्या पायऱ्या इथे थोडक्यात सांगतो आणि गाडी जिथे अडते तिथे सावकाश थांबतो.

कोणतं कॉलेज कोण भरतं

साताऱ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ मध्ये १०० जागांवर सुरू झालं, मिरजेचं १९६२ पासूनचं. दोन्ही नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. तिथल्या ८५ टक्के जागा राज्याचा सीईटी सेल भरतो आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी. इस्लामपूरचं खासगी कॉलेजही सीईटी सेलच्याच यादीत आहे.

कराडचं कृष्णा आणि सांगलीचं भारती विद्यापीठ ही मात्र अभिमत विद्यापीठं आहेत. ‘आम्ही कराडचेच, मग आम्हाला कोट्यातून मिळेल ना?’ हा प्रश्न दर हंगामात येतो. नाही मिळणार. तिथली प्रत्येक जागा एमसीसीकडून देशभरातल्या मुलांसाठी भरली जाते. अधिवासाचा फायदा नाही, जातीचं आरक्षण नाही. अभिमतसाठी नोंदणी करतानाच दोन लाख रुपये अनामत भरावी लागते आणि पुढच्या फेऱ्यांत जागा मिळूनही सोडली तर ती जप्त होते. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती तिथे चालत नाही. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४ पासून मिळणारी शिक्षण शुल्काची माफीही तिथे लागू नाही. एजंट हे शेवटपर्यंत सांगत नाहीत.

म्हणजे नोंदणी दोन ठिकाणी करायची: एमसीसीकडे आणि सीईटी सेलकडे. नीटचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा अर्जही झाला, असं समजून घरी बसलेले पालक अजूनही भेटतात.

पात्रता साधी आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत. बारावीला इंग्रजी पास आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, मागासवर्गीयांना ४० टक्के हवेत. नीटच्या नादात बारावीकडे पाठ फिरवणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा: ३०० पैकी १५०, राखीव असाल तर १२०.

दहावी-बारावी कुठून केली?

राज्याच्या ८५ टक्क्यांत यायचं तर अधिवासाचा दाखला हवा आणि दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून उत्तीर्ण हवी. हे ‘आणि’ नीट वाचा. सरकारी नोकरीत बदली होणाऱ्यांच्या मुलांसाठी काही सवलती आहेत, धंद्यासाठी परराज्यात गेलेल्यांसाठी नाहीत.

आपल्या भागात याचा सगळ्यात मोठा फटका गलाईवाल्यांच्या मुलांना बसतो. विटा, आटपाडी, खटावची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. घर इथे, जमीन इथे, रेशनकार्ड इथलं, जत्रेला दरवर्षी सगळे हजर. पण पोरगं दहावी तमिळनाडूत किंवा उत्तर प्रदेशात झालेलं. अधिवासाचा दाखला निघतोसुद्धा आणि त्यामुळेच पालक गाफील राहतात. त्या दाखल्याने दहावीची अट भागत नाही. अशा मुलाला अखिल भारतीय कोटा, अभिमत विद्यापीठं आणि खासगी कॉलेजांचा संस्था कोटा, एवढंच उरतं. पोराला डॉक्टर करायचं मनात असेल तर आठवीनंतर गावाकडच्या शाळेत आणा. क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन तिथल्याच शाळेत नावापुरती बारावी करणाऱ्यांचंही हेच होतं. बारावी इथून करून मग रिपीटला कोटाला गेलात तर काही अडत नाही.

जतकडच्या पालकांचा आणखी एक गैरसमज असतो. माहितीपुस्तिकेत ‘महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभाग’ असा कोटा दिसतो आणि त्यांना वाटतं, आपण सीमेवरच आहोत. तो कोटा आहे महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या, सध्या कर्नाटकात असलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी. जत तालुका महाराष्ट्रातच आहे, त्यामुळे तुम्ही त्यात येत नाही. उलट शेजारच्या कर्नाटकातल्या शाळेतून दहावी झाली असेल तर तुम्हीही गलाईवाल्यांच्याच रांगेत.

माजी सैनिकांच्या मुलांसाठी एक ओळ: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या दाखल्याबरोबर वडिलांचा अधिवासाचा दाखलाही लागतो आणि तो काढलेला नसतो.

जात वैधता

खरी दमछाक इथे होते. जातीचा दाखला तहसीलमधून मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. राखीव जागेसाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र हवं. अनुसूचित जमातींची समिती वेगळी, आदिवासी विकास विभागाची. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि तो अकरावीत असतानाच. कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र, वंशावळीचं शपथपत्र नमुना ३, दुसरं शपथपत्र नमुना १७, मुलाचा, वडिलांचा आणि आजोबांचा शाळेचा पुरावा अशी फाइल बनते. नीटच्या निकालानंतर जून-जुलैत अर्ज करणाऱ्यांना काय सांगायचं? समितीपुढे तेव्हा इंजिनीअरिंग, फार्मसी, नर्सिंग, सगळ्यांचीच गर्दी असते.

पुरावा कधीचा हवा, ते प्रवर्गावर ठरतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आता माण-खटावच्या मेंढपाळाच्या घरी १९६१ पूर्वीचा शाळेचा दाखला कुठून येणार? आजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत. सरकारला हे पन्नास वर्षांपासून माहीत आहे, तरी अर्जातला पहिला रकाना आजोबांच्या शाळेच्या दाखल्याचाच.

अशा वेळी हात टेकू नका. पुरावा फक्त आजोबांचाच हवा असं नाही, वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या कोणत्याही नातेवाइकाचा चालतो. चुलत आजोबा शिकले असतील, त्यांच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढा. आत्याचा दाखला चालतो. आईकडचा मात्र चालत नाही, मामाचे कागद घेऊन येऊ नका. शाळेत काहीच नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद शोधा. जुन्या खरेदीखतात जात लिहिलेली सापडते. ही कागदपत्रं बऱ्याचदा मोडी लिपीत असतात, त्यामुळे मोडी वाचणारा गाठून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. भावकीत कोणाकडे आधीच वैधता असेल तर तिची प्रत आणि नातं दाखवणारी वंशावळ जोडा, काम पुष्कळ हलकं होतं. भावकीत बोलणं नसेल, तर बांधाचं भांडण या कामापुरतं बाजूला ठेवून एकदा त्यांच्या दारात जा.

आजोबा आटपाडीचे, वडील नोकरीला नवी मुंबईत, असं असेल तर जातीचा दाखला पूर्वी घराणं जिथलं होतं तिथूनच काढायचा. मुंबईच्या पत्त्यावर काढलेला दाखला पडताळणीत अडकतो. समितीला शंका आली तर प्रकरण दक्षता पथकाकडे चौकशीला जातं आणि त्यात महिने निघून जातात. वैधतेच्या नुसत्या अर्जाच्या पावतीवर प्रवेश द्यायचा आदेश सरकार कधी कधी शेवटच्या क्षणी काढतं, पण त्या भरवशावर राहून जागा गमावलेली मुलं आहेत. पावती म्हणजे प्रमाणपत्र नाही.

मराठा मुलांनो, दाखले दोन काढा

राज्याच्या २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, म्हणून १० टक्के आरक्षण आहे. राज्याच्या यादीत हा प्रवर्ग घेतला तर तिथे ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं आरक्षण, मागता येत नाही. पण केंद्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत मराठा नाही, त्यामुळे एमसीसीच्या फॉर्ममध्ये एसईबीसी काहीच कामाचं नाही. तिथे उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटीत बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र लागतं. म्हणजे एकाच मुलाचे दोन दाखले, दोन नमुने. राज्याचा नमुना एमसीसीला जोडून नाकारले गेलेले अर्ज पाहून वाईट वाटतं, कारण काम एकाच सेतू केंद्रातलं असतं. ओबीसी मुलांनाही एमसीसीसाठी केंद्राच्या नमुन्यातलंच प्रमाणपत्र लागतं. कुणबी नोंद सापडलेल्यांनी जातीचा दाखला ओबीसीचा काढला की वैधताही त्याच दाखल्याची करून घ्यायची. एसईबीसी आणि ओबीसी यांची सरमिसळ करू नका.

नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे मागासवर्गातल्या उन्नत गटात आपलं घर मोडत नाही असा दाखला; त्याची मुदत हा दुसरा सापळा. दाखला जूनमध्ये काढला म्हणजे पुढच्या जूनपर्यंत चालेल, असं नसतं. त्यावर छापलेली तारीख ३१ मार्चची असते आणि ज्या वर्षी प्रवेश घेता त्याच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत तो वैध असावा लागतो. मागच्या मार्चला संपलेला दाखला जोडला तर पोर्टल फॉर्म घेतं, छाननीत मात्र तुम्ही थेट खुल्या प्रवर्गात जाता. एसएमएस येत नाही, फोनही येत नाही, तात्पुरत्या यादीत आपलं नाव आपणच शोधायचं. या दाखल्यासाठी उत्पन्न मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही, तरी ‘तुमचं उत्पन्न जास्त आहे’ म्हणून काउंटरवरून परत पाठवलेले शिक्षक-शेतकरी पालक आहेत. अशा वेळी शासन निर्णयाची प्रत सोबत ठेवावी, शांतपणे दाखवावी आणि तरीही नकार मिळाला तर तो लेखी मागावा. लेखी म्हटलं की बरेचदा काम होतं.

नावातला फरक छोटा दिसतो आणि मोठा निघतो. आधारवर ‘शुभम’, दहावीच्या मार्कलिस्टवर इंग्रजी स्पेलिंग वेगळं, जातीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव अपुरं. दहावीचं मार्कलिस्ट प्रमाण धरून बाकी सगळं त्याला जुळवा, तेही नीटचा फॉर्म भरण्याआधी. वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला पुस्तिकेतल्याच नमुन्यात घ्या. बारावीनंतर खंड असेल तर शपथपत्र करा.

जागा लागल्यावर

पहिल्या फेरीत कॉलेज लागलं की मूळ कागद आणि फी घेऊन मुदतीत हजर व्हायचं. मुदतीला तारखेसोबत वेळही असते. तिथे ‘स्टेटस रिटेन्शन’ फॉर्म पुढे येतो आणि घाईत पालक सही करून मोकळे होतात. तो भरला म्हणजे हीच जागा मला कायमची हवी, पुढच्या फेरीत माझा विचार करू नका, असं तुम्ही लिहून दिलं. मुलाला मिरज मिळालंय पण पुण्याची आशा आहे, तर तो भरायचा नाही. न भरता पुढच्या फेरीत वरची जागा लागली तर आधीची आपोआप रद्द होते, परत मागता येत नाही. म्हणून पसंतीच्या यादीत मिरजेच्या वर फक्त तीच कॉलेजं टाका जिथे खरंच जाणार आहात.

कॉलेज मूळ कागद ठेवून घेतं. त्याआधी सगळ्याचं स्कॅनिंग करून ठेवा, साक्षांकित प्रतींचे भरपूर संच काढा. शिष्यवृत्ती, वसतिगृह, बँकेचं कर्ज, जो तो तेच कागद मागणार.

सरकारी जागा घेतानाच बंधपत्रावर सही होते: शिक्षण संपल्यावर एक वर्ष शासकीय सेवा, नाहीतर दहा लाख रुपये. पालक हे वाचत नाहीत आणि साडेपाच वर्षांनी चकित होतात.

पहिलं वर्ष कसं असतं

साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, असा अभ्यासक्रम. सुरुवातीला साधारण दोन आठवड्यांचा फाउंडेशन कोर्स असतो, त्यात ओळख, प्रथमोपचार, भाषा, संगणक येतात. मराठी माध्यमातून आलेल्यांनी तो हलक्यात घेऊ नये, कारण पुढची पुस्तकं सगळी इंग्रजीत आणि जाड आहेत. मग शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, शिवाय जनऔषधवैद्यकाची, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनची सुरुवात. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी वासाने गरगरतं, बहुतेक सगळ्यांचं होतं, आठवड्यात सवय पडते.

गाव दत्तक कार्यक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याला काही कुटुंबं दिली जातात, त्यांच्याकडे वर्षानुवर्षं जायचं असतं. शेतकऱ्याच्या घरातली मुलं इथे शहरी मुलांपेक्षा लवकर रुळतात. पेशंटशी खरी गाठ दुसऱ्या वर्षापासून. मिरजेत आणि सांगलीच्या सिव्हिलमध्ये कानडी बोलणारे पेशंट भरपूर येतात, जतच्या मुलांची भाषा तेव्हा कामी येते.

हजेरी थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हवी, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. गावची जत्रा, बहिणीचं लग्न, ऊस तोडणी असं करत दिवस जातात आणि डिसेंबरपर्यंत हिशेब बिघडतो. पहिल्या वर्षाची परीक्षा चार प्रयत्नांत पास व्हावीच लागते आणि पूर्ण पदवी प्रवेशापासून नऊ वर्षांत.

रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांचंही ऑनलाइन भरायचं असतं, दरवर्षी नव्याने. त्रास झाला तर १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो मुलाच्या आणि आईच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये हॉस्टेलवर सोडायच्या आधीच सेव्ह करा.