नीरेपलीकडचं विद्यापीठ : पहिल्या वर्षानंतरच्या बदलीची पार्श्वभूमी

फलटणहून बारामती जवळ, कोल्हापूर कितीतरी लांब. तरीही फलटणला एफ. वाय. केलेल्या मुलीला एस. वाय.साठी कोल्हापूरला जायचं असेल तर फक्त कॉलेज बदलावं लागतं, आणि बारामतीला जायचं असेल तर विद्यापीठ. नीरा नदी ओलांडली की कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची हद्द संपते, पुणे विद्यापीठाची सुरू होते.

या हद्दीचं मूळ जुनं आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ लंडनच्या नमुन्यावर उभं राहिलं. शिकवायचं कॉलेजांनी, अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाकडे. सांगली-मिरजेच्या मधलं विलिंग्डन कॉलेज १९१९ मध्ये सुरू झालं ते मुंबईच्या छत्राखाली. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आलं, १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ. कॉलेज जागचं हललं नाही, विद्यापीठं मात्र तीन झाली. जिल्हेही तेव्हा नव्यानं आखले जात होते : आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं.

विद्यापीठाचं कार्यक्षेत्र जिल्ह्यांवर ठरत गेलं आणि इथेच मुलांची अडचण सुरू झाली. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीच्या मुलाला सोलापूर जिल्ह्यातलं सांगोला शेजारचं. २००४ पर्यंत दोन्हीकडची कॉलेजं शिवाजी विद्यापीठाचीच होती. त्या वर्षी सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि शेजारच्या तालुक्यातलं कॉलेज ‘दुसऱ्या विद्यापीठाचं’ ठरलं. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ हवंच होतं, यात शंका नाही. पण हद्दीवरच्या गावांतल्या मुलांचा विचार अशा वेळी शेवटी होतो, हे मला खटकतं.

हद्द ओलांडायची तर कागद लागतात. टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, कॉलेजची. मायग्रेशन जुन्या विद्यापीठाचं : आमच्याकडून या विद्यार्थ्याला मोकळीक आहे, एवढंच ते सांगतं. एलिजिबिलिटी नव्या विद्यापीठाची, म्हणजे तुमचं आधीचं शिक्षण आम्हाला मान्य आहे. पहिले दोन कागद रांगेत उभं राहून मिळतात. खरी कसोटी तिसऱ्याची. त्यासाठी मार्कलिस्टांबरोबर पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रमही मागितला जातो आणि पेपरला पेपर लावून पाहिला जातो. इकडे गणित घेतलेलं नाही आणि तिकडच्या एस. वाय.ला ते लागतं, असं निघालं की गाडी अडते. एखादा विषय राहिला असेल तर आणखीनच. इकडची एटीकेटी, म्हणजे राहिलेल्या विषयासह पुढच्या वर्षात जाण्याची सवलत, तिकडे चालेल असं कुणीही गृहीत धरू नये. आणि हे सगळं जमलं तरी दुसऱ्या वर्षात जागा रिकामी असावी लागते. कॉलेजनं प्रोव्हिजनल अॅडमिशन दिली, फी भरून घेतली, म्हणजे एलिजिबिलिटी झाली असंही नाही. ती मागाहून अडकली तर वर्ष वाया जातं ते मुलाचंच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं या जुन्या घडीला हात घातला. २०२१ मध्ये अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. विद्यार्थ्यानं पूर्ण केलेल्या अभ्यासाचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, त्याच्या नावावर जमा होतात आणि दुसऱ्या संस्थेत नेता येतात. राज्यात नवी रचना स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली. माझ्या मते ही खरी सुधारणा आहे, कारण केलेल्या वर्षाचा हिशेब आता मुलाच्या हातात राहतो. मात्र खात्यावर क्रेडिट आहेत म्हणून प्रवेशाचा हक्क मिळत नाही. ते कोणत्या विषयांपोटी धरायचे हे नवी संस्थाच ठरवते.

त्यातच हद्दी कमी होण्याऐवजी वाढताहेत. स्वायत्त कॉलेजं आपला अभ्यासक्रम आपण आखतात, त्यामुळे एकाच विद्यापीठातल्या दोन कॉलेजांचे पेपरही जुळतीलच असं नाही. साताऱ्यात तर २०२१ मध्ये रयत शिक्षण संस्थेच्या तीन कॉलेजांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. शहरातली इतर कॉलेजं शिवाजी विद्यापीठाकडेच राहिली. म्हणजे विद्यापीठाची हद्द आता सातारा शहरातूनच जाते.

म्हणून बदलीचा विचार असेल तर निकालाची वाट पाहू नये. दुसरं सत्र सुरू होताच दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून बघावेत आणि न जुळणारे पेपर घेऊन थेट नव्या विद्यापीठाच्या पात्रता विभागात विचारावं, तेही लेखी.