आयनांबराची तीन तापमाने

सूर्यकिरणांनी हवेच्या कणांतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि मागे विद्युतभारित आयन उरतात, तो वातावरणाचा वरचा थर म्हणजे आयनांबर. १९२४ साली भौतिकशास्त्रज्ञ ॲपल्टन यांनी इंग्लंडमध्ये रेडिओलहरी वर पाठवून त्याची उंची मोजली. पुढे या तंत्राने तिथे इलेक्ट्रॉन किती आहेत तेही कळू लागले. हा थर किती तापलेला आहे, हे मात्र बराच काळ तर्कानेच सांगावे लागे.

पहिला ठोस पुरावा उपग्रहांच्या घसरणीतून मिळाला. स्पुटनिकनंतर दोनच वर्षांत, १९५९ मध्ये, याक्किया आणि प्रीस्टर या शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की सूर्य जास्त सक्रिय झाला की उपग्रहांना हवेचा अडथळा वाढतो. सूर्याच्या तीव्र अतिनील किरणांनी वरची विरळ हवा तापते आणि फुगते. सूर्याची सक्रियता सुमारे अकरा वर्षांच्या चक्रात वाढते-घटते; या सौरचक्राच्या तळाशी त्या हवेचे तापमान ७०० केल्व्हिनच्या आसपास असते, शिखराला ते हजाराच्या बरेच वर जाते. १९७९ मध्ये स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा अपेक्षेपेक्षा लवकर कोसळली ती याच फुगवट्यामुळे.

पण ही झाली हवेची गोष्ट. त्याच जागी आयनांचे तापमान वेगळे आणि इलेक्ट्रॉनचे आणखी वेगळे असते. १९६० च्या दशकात पेरूतील हिकामार्का आणि प्वेर्तो रिकोतील अरेसिबो इथल्या प्रचंड रडारांनी ही तापमाने जमिनीवरून मोजता येऊ लागली. मला यातला सर्वांत विलक्षण भाग इलेक्ट्रॉनचा वाटतो. सूर्य तळपला की तेही तापतील असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यांची संख्याही वाढते, आणि आयनांना उष्णता देऊन थंड होण्याचा त्यांचा वेग संख्येच्या जवळपास वर्गाने वाढतो. म्हणून सूर्य ऐन भरात असताना दुपारी इलेक्ट्रॉनचे तापमान जेमतेम तेवढेच राहते, कधी उतरतेही.

भारतावरच्या आकाशात हे मोजले ‘स्रॉस-सी२’ने. ४ मे १९९४ ला श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या या छोट्या उपग्रहावर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे उपकरण होते. सुमारे ५०० किलोमीटरवर रात्री १,००० केल्व्हिनच्या आसपास असलेले इलेक्ट्रॉन सूर्योदयानंतर दोनेक तासांत ३,५०० पर्यंत चढत, आणि दहाच्या सुमारास १,६०० पर्यंत उतरत. पहाटे इलेक्ट्रॉन थोडे, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला उष्णता जास्त. हिशेब तोच, फक्त अकरा वर्षांचा एका सकाळीत मावलेला.

१९९६ चा सौर तळ आणि पुढची चढण या उपग्रहाने पाहिली. सौरचक्र शिखरावर असताना, जुलै २००१ मध्ये, तो त्याच फुगलेल्या हवेत उतरत जाऊन नष्ट झाला.