भजन-पुस्तिकेची पानरचना (ग्रामीण विदर्भ)

भजनी मंडळे व गायन पार्ट्या यांच्यासाठी छापल्या जाणाऱ्या छोट्या गीतपुस्तिकांची मांडणी. वऱ्हाडातल्या किंवा झाडीपट्टीतल्या खेड्यात संगीताचे छापील पान म्हणजे बहुधा हेच.

संगीताच्या मासिकाचे पान शिकणाऱ्यासाठी असते. भातखंडे पद्धतीच्या स्वरलेखनाने कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली, खालीला (टाळी न देण्याच्या जागेला) शून्य. भजन-पुस्तिकेत यातले काही नसते, कारण गाणाऱ्याच्या कानात चाल आधीच बसलेली असते. पानाने ती फक्त आठवून द्यायची.

त्यामुळे पानावरची सर्वांत मोलाची ओळ शीर्षकाखाली कंसात सापडते: 'चाल', आणि पुढे एखाद्या जुन्या भजनाचे किंवा सिनेगीताचे पहिले दोन-तीन शब्द. पेटीवाला तेवढे वाचून सूर धरतो. मग ठळक अक्षरांत धृपद, त्याच्या शेवटी ॥धृ॥, पुढे ॥१॥, ॥२॥ अशी कडवी. प्रत्येक कडव्यानंतर धृपद पुन्हा पुरते छापत नाहीत. पहिला शब्द व टिंबे दिली की टाळकऱ्यांना पुरते. कागद वाचवण्यासाठी निघालेली ही युक्ती गाण्यालाही सोयीची ठरली, कारण नजर चुकत नाही.

भजन रात्री रंगते, म्हणून अक्षर मोठे. एका हातात खंजिरी, दुसऱ्याची थाप तिच्यावर. पान उलटायला हात मोकळा नसतो. चांगला छापणारा म्हणूनच एक भजन समोरासमोरच्या दोन पानांत बसवतो. मधोमध पिना मारलेली १६ किंवा ३२ पानांची पुस्तिका पेटीवर सपाट उघडी राहते. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक तसे राहत नाही. नाव न छापलेल्या जुळाऱ्यांची, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांची, ही समज मासिकांच्या सजावटीपेक्षा कमी प्रतीची मुळीच नाही.

मुखपृष्ठ वाचणाऱ्याला दुरूनच हाक मारते. भगवी टोपी व खंजिरी दिसली की पुस्तिका राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) भजनांची. त्यांची मराठी व हिंदी भजने एकाच पुस्तिकेत शेजारी छापता येतात: लिपी एक, आणि हिंदी या भागाला परकी नाही. निळा रंग, अशोकचक्र व बाबासाहेबांचे चित्र असेल तर भीमगीते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेमुळे नागपूरची दीक्षाभूमी या पुस्तिकांची मोठी बाजारपेठ झाली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आलेली माणसे या पुस्तिका पिशवीत घालून गावी नेतात.

वापरातली प्रत ओळखायला सोपी. उजवा खालचा कोपरा अंगठ्याने काळा पडलेला, मधल्या पानावर कुंकवाचा डाग, आणि मलपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या जागेत बॉलपेनने उतरवलेले एखादे नवे भजन. त्याच्याही डोक्यावर, कंसात, चाल.